भावाला बायपोलर आहे, मी ठणठणीत आहे. रक्तातलं सेरोटोनिन तपासून घेऊ का?

नका घेऊ, पैसे वाचवा. माझ्या थोरल्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य. आम्ही हर्णैकडचे. हाच प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता.

सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. रक्तात सापडतं ते बहुतेक तिथलंच, प्लेटलेट्समध्ये भरलेलं, आणि ते मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, जेवणातून आलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. लॅबच्या कागदावरच्या आकड्याला डोक्यातलं काय कळणार?

पण तुमची शंका पोकळ नाही. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बायपोलर रुग्णांच्या सख्ख्या, धडधाकट नातेवाइकांना ट्रिप्टोफॅन वगळून बाकीची अमिनो आम्लं घातलेलं पेय पाजलं. त्याने मेंदूत सेरोटोनिन बनणं काही तास मंदावतं. २००२ साली निष्कर्ष छापून आले: नातेवाइकांचं मन खाली गेलं, घरात आजार नसलेल्यांचं तसं झालं नाही. माणसं मोजकीच होती, तरी आपल्यासारख्यांत एक हळवी जागा असावी असं मला त्यावरून वाटतं. म्हणून आजार होईलच असं धरू नका. सख्ख्या भावंडांत शंभरात साधारण पाच-दहा जणांनाच तो होतो.

पुढे कधी उदास वाटून डॉक्टरकडे गेलात, तर भावाचं आधी सांगा. नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी गोळी एकटीच दिली, तर अशा घरातल्या माणसाला कधीकधी उन्माद चढतो. आमच्या काकांचं ‘बाहेरचं’ म्हणून घरात दाबलेलं, देवळात कौल लावून मोकळे झालेले. त्यामुळे दादाने डॉक्टरांना काही सांगितलंच नाही. गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांनी, रात्री दोन वाजता, ओटीवरचा बल्ब लावून तो होडीला रंग देत बसलेला. चौथा हात. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. आई दारात उभी राहून नुसती रडत होती. ते मी विसरू शकत नाही.

झोप मात्र जपा, सलग जागरणं नकोत. शिमग्यात पालखी दारी आली की मीही खांदा देतो, नाचवतो, आणि अकराला येऊन पडतो. पोरं चिडतात, चिडू देत.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.