टक्के हाताचे आणि टक्के कमाईचे

प्रश्न : माझे पती बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत वेल्डर म्हणून काम करीत होते. वय 35 वर्षे, मूळ पगार दरमहा 24 हजार रुपये. जून 2025 मध्ये लोखंडी तुळई उतरवताना साखळी सटकली आणि त्यांचा उजवा हात मनगटापाशी चिरडला. दोन शस्त्रक्रियांनंतर हात वाचला, पण मनगट वळत नाही आणि वेल्डिंगचा होल्डर (सळई धरणारी मूठ) धरण्याइतकी पकड राहिलेली नाही. सरकारी रुग्णालयाने 22 टक्के कायमच्या अपंगत्वाचा दाखला दिला आहे. कंपनी म्हणते, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, हातमोजे घातले नव्हते, तरी दोन लाख देतो, स्टॅम्प पेपरवर सही करा. गेटवर बसण्याचे अकरा हजारांचे कामही देऊ म्हणतात. सही करावी का?
— एक भगिनी, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : सही करू नये. आणि कोणी करवून घेतली असेल, तरी घाबरून जाऊ नये. कारण नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 17 नुसार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. रकमेबाबत तडजोड झालीच, तर तिची नोंदणी आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, करावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास आयुक्त ती नोंदणी नाकारू शकतात. ठेकेदाराच्या टेबलावर झालेला कागद त्या कसोटीला क्वचितच उतरतो.

आधी एक खात्री करून घ्या. वेतनचिठ्ठीवर कर्मचारी राज्य विमा योजनेची कपात होत असेल, तर 1923 च्या कायद्याचा मार्ग बंद होतो आणि भरपाई विमा महामंडळाकडूनच मागावी लागते. त्या योजनेची वेतनमर्यादा 21 हजार रुपये असल्याने आपल्या पतींच्या बाबतीत तशी कपात नसावी, असे गृहीत धरून पुढे लिहितो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी अपघात त्याआधीचा असल्यामुळे हक्क जुन्या कायद्यानेच ठरेल.

आता 22 टक्क्यांविषयी, कारण खरा वाद तिथेच आहे. दाखल्यावरचा आकडा शरीराच्या हानीचा आहे. कायदा विचारतो तो आकडा वेगळा, म्हणजे कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली याचा. हात तुटणे, डोळा जाणे, बोटे जाणे अशा इजांसाठी कायद्याला जोडलेल्या यादीत (अनुसूचीत) टक्के ठरलेले आहेत (एका हाताचा अंगठा गेल्यास 30, चारही बोटे गेल्यास 50). मात्र चिरडून आखडलेले मनगट त्या यादीत नाही, म्हणून कमाईच्या क्षमतेतील घट पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवून द्यावी लागते. तेव्हा ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या अस्थिरोगतज्ज्ञांना भेटून, वेल्डरचे काम कसे असते, होल्डर किती वेळ स्थिर धरावा लागतो, शिडीवर एका हाताने स्वतःला सावरावे कसे लागते, हे सांगून तसा वेगळा लेखी अभिप्राय मागा आणि ते साक्ष द्यायला येतील ना, हेही विचारा. डॉक्टर साक्षीला न आल्याने बरेच चांगले दावे अशक्त होतात.

सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या प्रकरणात डावा हात गमावलेल्या सुताराला शंभर टक्के भरपाई मान्य केली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आपल्या बाजूचा हा सर्वांत बळकट आधार आहे. तरीही पूर्ण शंभर टक्क्यांची आशा मी आपल्याला लावणार नाही. हात शाबूत आहे, आणि अकरा हजारांचे काम स्वीकारले तर काही कमाई चालू असल्याचे समोरची बाजू दाखवील. मात्र तेच काम चोवीस हजारांवरून झालेली घसरणही सिद्ध करते. घर चालवायचे असेल तर काम घ्या, पण नेमणूक व पगार लेखी घ्या.

रक्कम अशी निघते. प्रत्यक्ष पगार कितीही असला, तरी गणनेसाठी दरमहा कमाल 15 हजारच धरले जातात. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 पासूनची आहे आणि कुशल कारागिरावर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा हजारांचे 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये, त्याला कायद्याने वय 35 साठी ठरवलेल्या 197.06 या गुणकाने गुणले की पूर्ण अपंगत्वाची रक्कम 17,73,540 रुपये होते. तिचे 22 टक्के केले तरी 3,90,179 रुपये येतात. म्हणजे त्यांच्याच आकड्याने दोन लाख निम्म्याच्या जवळपास आहेत. कमाईतील घट 60 टक्के ठरली, तर 10,64,124 रुपये होतील. याखेरीज उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, अपघातापासून एका महिन्यात रक्कम न दिल्याबद्दल दरसाल 12 टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड मालकाच्या विमा कंपनीवर न पडता मालकाच्या खिशातून जातो, हे ठेकेदाराला कळले की बोलणी बदलतात.

हातमोज्यांचा मुद्दा फारसा टिकणारा नाही. नुसता निष्काळजीपणा पुरेसा नसून, स्पष्ट आदेश हेतुपुरस्सर मोडला आणि त्यामुळेच इजा झाली हे त्यांना सिद्ध करावे लागेल. तुळईखाली चिरडलेले मनगट हातमोज्याने वाचले असते का, हा प्रश्न तिथे उभा राहतोच. काम कंपनीच्या आवारात, तिच्याच धंद्याचे असल्याने कलम 12 नुसार कंपनीही जबाबदार आहे, म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करा.

अर्ज नागपूरच्या कामगार न्यायालयात, तेथील न्यायाधीशांकडे आयुक्त या नात्याने करावा. मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे जून 2027 पर्यंत आहे. वकिलाची फी झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. हजेरीपटाच्या प्रती, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवशी साखळीपाशी असलेल्या सहकाऱ्यांची नावे मात्र आजच गोळा करा, कारण ठेका बदलला की माणसे पांगतात.

प्रश्न : माझ्या भावाची राज्य विम्याची कपात होत असे. अपघातानंतर त्या योजनेच्या वैद्यकीय मंडळाने फक्त 5 टक्के अपंगत्व दिले. आता काही करता येते का?
— एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : येते. वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात अपील करता येते. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा मंडळाचे पत्र कोणत्या तारखेला हाती आले ते लिफाफ्यासह जपून ठेवा.