फॉस्फेटेज म्हणजे फॉस्फेट नव्हे

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाचा प्रश्न: 'फॉस्फेट आणि फॉस्फेटेज एकच का? मराठीत "स्फुरदक" म्हटलं तर चालेल का? आणि कॅन्सरवरच्या लेखात प्रोटीन फॉस्फेटेजला पेशीचा ब्रेक म्हटलंय, ते बरोबर आहे का?'

एक नाहीत, अजिबात नाहीत! लॅबचा कागद घरात आला रे आला की आमच्याकडे आवई उठते, 'तेचा फॉस्फेट वाढलाहा, मासे बंद!' कागदावर असतं अल्कलाइन फॉस्फेटेज. ते यकृताची नाहीतर हाडांची खबर देतं. त्यात बिचाऱ्या बांगड्याचा काय दोष? फॉस्फेटेज हे फॉस्फेट तोडून काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम. शेवटचं 'एज' हे विकरांच्या नावांचं शेपूट, 1833 साली फ्रान्समध्ये नाव पडलेल्या 'डायास्टेज'वरून उचललेलं.

खरी गंमत आहे फॉस्फेटच्या मुळाशी असलेल्या 'फॉस्फरस'मध्ये. ग्रीक 'फॉस' म्हणजे प्रकाश, 'फोरोस' म्हणजे वाहणारा. आपल्या 'भास', 'प्रभा' यांतला 'भा' आणि हा 'फॉस' सख्खी भावंडं. 'भार', 'भरण' यांतला 'भर्' आणि 'फोरोस' तशीच. मूळ 'भ' ग्रीकमध्ये 'फ' होतो, एवढंच. म्हणजे फॉस्फरस आपल्याकडे घडला असता तर 'भास्-भर' झाला असता! ग्रीक लोक या नावानं पहाटेच्या शुक्राला हाक मारत. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला मूत्र आटवता आटवता अंधारात उजळणारा पदार्थ मिळाला आणि पुढे त्याला हे नाव चिकटलं. प्रकाशवाहकाला लॅटिनमध्ये म्हणतात लुसिफर, त्यावरून लुसिफेरिन, सजीवांतलं उजेड देणारं द्रव्य. मालवण-देवगडकडे रात्री लाट निळी पेटली की 'फॉस्फरस चमकतोय' म्हणतात. रसायनात ते चूक, कारण उजेड नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्मजीवांतल्या लुसिफेरिनचा. व्युत्पत्तीत मात्र म्हणणारा अगदी घराजवळ पोचलेला असतो.

खताच्या पोत्यावरचं 'स्फुरद' वेगळ्या घरचं. काही पंडित छातीठोकपणे सांगतात, की फॉस्फरस संस्कृत 'स्फुर्'वरूनच निघाला. साफ खोटं! 'स्फुर्' म्हणजे थरथरणं, लकाकणं. बाहू स्फुरतात तो. माझा कयास असा, की 'स्फुरद' घडवणाऱ्यानं फॉस्फरसमधला 'स्फर' कानात ठेवला आणि अर्थालाही पटेल असा धातू हुडकून काढला. कारागिरी झकासच, पण तिला वंशावळ म्हणून कुणी खपवू नये.

अरे हो, ब्रेक राहिला. कायनेज नावाचं विकर प्रथिनाला फॉस्फेट बांधतं, फॉस्फेटेज सोडवतं. सोडवल्यानं काय होईल, ते कुठली गाठ सुटली यावर. शिडाची दोरी सोडली तर होडी मंदावते, नांगराची सोडली तर निघते. पीपी2ए हे फॉस्फेटेज वाढीचे संदेश बऱ्याचदा थोपवतं. त्याला अडवणारं ओकाडेइक आम्ल, म्हणजे विषारी सूक्ष्म शैवाल खाल्लेल्या शिंपल्यांत साठून माणसाला जुलाब लावणारं विष, उंदरांच्या कातडीवर गाठी वाढायला मदत करतं, हे 1988 मध्ये दिसलं. 1997 मध्ये सापडलेलं पीटेन हे फॉस्फेटेज तर मुख्यतः प्रथिनावरचं नव्हे, पेशीपटलातल्या मेदावरचं फॉस्फेट काढतं. ते निकामी झालं की पेशीला 'जग, वाढ' हा निरोप मिळतच राहतो. इथवर ब्रेक म्हणा. पण सीडीसी25 हे फॉस्फेटेज विभाजन रोखून धरणारं फॉस्फेट काढतं आणि पेशीला पुढे रेटतं. एसएचपी2 हे आणखी एक फॉस्फेटेज वाढीचा रास नावाचा संदेशमार्ग चालू ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकातला बिघाड लहान मुलांच्या एका रक्ताच्या कर्करोगात सापडतो. यांना ब्रेक कसं म्हणणार? एसएचपी2ला अडवणारी औषधं रुग्णांवर तपासली जातायत ती उगाच नाही.

'स्फुरदक' नको. ऐकणाऱ्याला ते स्फुरद पुरवणारं, म्हणजे खतच वाटेल. फॉस्फेटेजच लिहा, फक्त 'एज' गिळू नका.