दुसरीच्या ४० मुलांना चिल्ड्रन्स म्युझियमला न्यायचंय, दोन तासांत सगळं कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की ४० मुलं आहेत, हाताळून बघायचं म्युझियम आहे, दोन तासांचा स्लॉट मिळालाय, आत तीसेक वस्तू मांडल्यात, तर प्रत्येकीला किती मिनिटं द्यायची आणि चांगली वर्कशीट कुठे मिळेल. मी १९ वर्षं प्रायमरीला शिकवतेय, अशा सहली भरपूर केल्यात, आणि ते ‘किती मिनिटं’ वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. हा भागाकार करूच नका. १२० मिनिटं भागिले ३० म्हणजे चार मिनिटं, हा हिशोब आम्हीही केला होता, त्या चार मिनिटांचं काय झालं ते सांगते.

आठ वर्षं झाली. ४२ मुलं, आम्ही तीन शिक्षिका आणि दोन पालक. आमच्या सीनियर मॅडमनी २४ प्रश्नांची वर्कशीट केली होती, चार पानं, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. प्रत्येक वस्तूसमोरची पाटी वाचायची, उत्तर शोधायचं, लिहायचं, शिट्टी वाजली की पुढच्या टेबलावर. मॅडमनी मेहनत घेतली होती हे मी आजही मान्य करते, दोऱ्या बांधायला मीच संध्याकाळी बसले होते त्यांच्याबरोबर.

तर तिथे एका कोपऱ्यात कमान बांधायचं टेबल होतं. टेबल म्हणजे खरं तर जमिनीवरच सगळं, फोमचे नऊ मोठे ठोकळे, पाचरीसारखे, एकीकडे जाड आणि दुसरीकडे निमुळते, त्यांच्यावर आकडे. सोबत एक बिजागरी लावलेली फळी, तिच्यावर कमानीचा आकार रंगवलेला. फळी आडवी ठेवून तिच्यावर ठोकळे आकड्यांप्रमाणे मांडायचे, मग फळी हळूहळू उभी करायची आणि मागे ओढून घ्यायची, कमान आपली आपण उभी राहते, डिंक नाही की खिळा नाही. पाटीवर हे सगळं नीट लिहिलेलं होतं. माझ्या वर्गातला एक मुलगा तिथे बसला. त्याला वाचन जड जायचं, जोडाक्षर आलं की अडायचा, त्यामुळे पाटीकडे त्याने बघितलंच नाही. फळी बाजूला सरकवली आणि सरळ जमिनीवर दोन्हीकडून ठोकळे रचायला घेतले.

दोन-तीन ठोकळ्यांपर्यंत जमतं, चौथा आत झुकतो आणि सगळं धप्प. पुन्हा. पुन्हा धप्प. मग त्याने एका हाताने डावी बाजू धरली, दुसऱ्या हाताने उजवी, आणि आता मधला ठोकळा ठेवायला हातच उरला नाही. हनुवटीने ढकलून बघितला. नाही जमलं. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची एक मुलगी शेजारी उभी होती, ना ओळख ना पाळख, ती मधला ठोकळा घेऊन तयार राहिली. आणि मग या पोराने काय केलं, तो जमिनीवर बसला, उजवा गुडघा दुमडून उभा केला, पाय त्या मधल्या जागेत घातला आणि मांडीवर एकीकडचे आणि नडगीवर दुसरीकडचे ठोकळे टेकवत नेले. गुडघ्यावर तिने मधला बसवला. कमान झाली. खाली त्याचा पाय. दोघं एकमेकांकडे बघतायत, श्वास रोखून.

आणि शिट्टी वाजली. मी त्याच्या दंडाला धरलं. तो म्हणाला, “बाई थांबा ना, फक्त पाय काढायचाय.” मी म्हणाले, “ऊठ, सगळे पुढे गेले.” तो उठला, गुडघा वर आला, ठोकळे चारी दिशांना गेले. ती मुलगी एकेक गोळा करत बसली. पाय काढल्यावर कमान उभी राहिली असती का, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, मलाही नाही. पुढच्या वर्षी त्याची शाळा बदलली.

नंतर एकदा एका बांधकामावरच्या मिस्त्रींशी बोलताना हे सांगितलं तर ते म्हणाले, अहो ते सेंटरिंग झालं. दगडाची कमान अशीच बांधतात, आधी खालून लाकडाचा आधार द्यायचा, दोन्हीकडून दगड चढवत आणायचे, मधला दगड बसला की मग आधार काढायचा, तो दगड बसेपर्यंत कमानीला स्वतःचं बळ नसतं. सात वर्षांच्या पोराला हे कोणी सांगितलं नव्हतं, पाच-सहा वेळा पडल्यावर त्याचं त्याला सुचलं होतं, आणि त्याच्या वर्कशीटवर २४ पैकी तीन उत्तरं, खाली लाल पेनाने शेरा ‘लक्ष नव्हते’.

बाकीच्या वर्कशीट मात्र भरलेल्या होत्या. मी घरी तपासायला बसले तर ३१ कागदांवर ‘गुरूत्वाकर्शण’, अगदी तीच चूक, तोच उलटा उकार. एका हुशार मुलीने लिहिलेलं बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचलं होतं, अजून काय. ते ३१ कागद फाइलला लागले, पालकसभेत दाखवले गेले, सहल यशस्वी.

स्टाफरूममध्ये मी बोलले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “मग मुलं शिकली हे दाखवायचं कसं? आणि मोकळं सोडलं तर नुसता धुडगूस.” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी गप्प बसले. आज आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मुळात ही म्युझियमं निघाली कशाला? जगातलं पहिलं मुलांचं म्युझियम १८९९ साली अमेरिकेत ब्रुकलिनला उघडलं आणि तिथल्या लोकांचा भर यावर होता की मुलांनी वस्तू हातात घ्याव्यात. बोस्टनचं १९१३ मधलं, ते तर विज्ञानाच्या शिक्षकांनीच काढलं, पण पुढे तिथेही बऱ्याच गोष्टी काचेच्या पेटीत जाऊन बसल्या होत्या. १९६२ मध्ये तिथला कारभार मायकेल स्पॉक यांच्याकडे आला आणि त्यांनी पेट्या हटवून वस्तू मुलांच्या हातात दिल्या. या स्पॉकना स्वतःला डिस्लेक्सिया होता, लहानपणी वाचायला शिकताना फार त्रास झालेला माणूस. मला हे कळलं तेव्हा मी तो लाल शेरा आठवून बराच वेळ नुसती बसून होते. ज्याला वाचन जमत नाही अशा पोरालाही काहीतरी कळावं म्हणून लोकांनी काचा काढल्या, आणि आपण त्याच्या हातात पुठ्ठा देऊन पाट्या वाचायला लावतो! दोन्ही हात मोकळे हवेत तिथे एका हातात पुठ्ठा आणि दुसऱ्यात पेन्सिल.

धुडगुसाचं म्हणाल तर त्याचंही कारण असतं. जॉन फॉक नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मुलांच्या सहलींवर अभ्यास छापला, त्यात असं दिसलं की जागा मुलांना अगदी अनोळखी असली की त्यांचं डोकं त्या जागेतच गुंततं, शिकवायचं ते मागे पडतं. आपण त्याला मस्ती म्हणतो. म्हणून आदल्या दिवशी धडा घेऊ नका, जागा सांगा. आत शिरल्यावर काय दिसेल, बाथरूम कुठे, डबा कुठे आणि कधी, दुकान आहे का आणि तिथे जायचंय की नाही, अंधारी खोली आहे का, मोठा आवाज कुठे होतो, निघायची वेळ झाली हे कसं कळेल. फळ्यावर नकाशा काढा. त्यासाठी तुम्ही स्वतः आधी एकदा जाऊन या, एकट्या किंवा एकटे, आणि प्रत्येक वस्तू मुलांच्या उंचीवर बसून हाताळून बघा. हे केलं नाही तर बाकीचं प्लॅनिंग फुकट आहे.

मॅडम निवृत्त झाल्यावर सहल माझ्याकडे आली तेव्हा मी असं केलं. पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस, म्हणजे तुमच्या ४० ला सात-आठ जण आणि वर एक जण कुठल्याच गटात नसलेला, रडणाऱ्या आणि उलटी होणाऱ्या मुलासाठी. सगळे गट एकाच दारातून एकाच वस्तूवर नेऊ नका, प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या कोपऱ्यातून. पहिला अर्धा तास नुसतं फिरू द्या, ते धावतील, सगळं एकेकदा बडवतील, होऊ दे, त्यांना जागा ओळखायचीय. त्यानंतर साधारण तासभर जिथे रमले तिथे. शेवटची वीस मिनिटं ‘परत एकदा’ची, ज्याचं जिथे अर्धं राहिलं त्याने तिथे जायचं. ही वीस मिनिटं मी कुणालाही कापू देत नाही. पाण्याचं टेबल असेल तर ते शेवटी आणि टॉवेल न्या, साबणाच्या फुग्यांची जागा असेल तर जमीन निसरडी असते, तिथे एक जण उभाच राहू दे.

मुलांच्या छातीवर नावाचा बिल्ला लावू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मूल जातं. मनगटावर पट्टी, तिच्यावर शाळेचं नाव आणि तुमचा नंबर, बास. मोजणी बसमध्ये चढताना, आत शिरल्यावर, बाथरूमनंतर, निघताना. ॲलर्जी, दमा, औषधं हे तुम्हाला माहीतच असणार.

आणि बरोबर येणाऱ्या पालकांची वेगळी मीटिंग घ्या, दहा मिनिटांची. त्यांना एवढंच सांगायचं की मुलाच्या हातातली वस्तू घेऊन “असं नाही, असं” म्हणून करून दाखवायचं नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड जातं. वडील लोक तर कप्पी दिसली की स्वतःच दोरी ओढायला लागतात. मूल अडलं तर विचारा, “आत्ता काय झालं?” आणि गप्प राहा. बऱ्याच म्युझियममध्ये समजावून सांगायला तरुण मुलंमुली असतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानाच्या म्युझियमने तर १९६९ ला सुरू झाल्यापासून हे काम शाळेतल्या मोठ्या मुलांनाही दिलंय, त्यांना विचारायला सांगा मुलांना, ते पालकांपेक्षा छान सांगतात.

शिकले हे दाखवायचं कसं, तर दुसऱ्या दिवशी. मी वर्गात एकच प्रश्न विचारते, काय जमलं नाही? चित्र काढा, सांगा, हाताने करून दाखवा. मागच्या वेळी एका मुलीने सांगितलं की वाऱ्याच्या झोतावर चेंडू तरंगत होता, तिने नळी तिरकी केली तरी तो पडला नाही, पण खूप तिरकी केल्यावर पडला, आणि तिला नेमकी कुठे पडतो ती जागा सापडली नाही. “बाई, थोडी तिरकी आणि खूप तिरकी यांच्या मधे कुठेतरी आहे.” पालकसभेत मी हे वाक्य तिच्या चित्राखाली लिहून लावलं. कोणीही विचारलं नाही की वर्कशीट कुठे आहे.

आता काही गोष्टी ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या. सात-आठ मोठी माणसं मिळाली नाहीत तर मी म्हणते तसं करू नका, ४० मुलं आणि दोन शिक्षक असतील तर मुलं मोकळी सोडणं धोक्याचं आहे, मग दोन बॅचमध्ये न्या किंवा तारीख पुढे ढकला. काही मुलं मोकळं सोडलं की गोंधळतात, एका जागी उभी राहतात, त्यांना छोटं काम द्या, ‘फिरणाऱ्या तीन गोष्टी शोध’ एवढं पुरतं. गोंगाट सहन न होणारं मूल असेल तर शांत कोपरा आधी हेरून ठेवा. आणि सहावी-सातवीच्या मुलांना एखादा प्रश्न कागदावर दिला तर ती छान करतात, माझा राग लहानांच्या पुठ्ठ्यावर आहे.

वर्कशीट हवीच असेल, मुख्याध्यापकांचा आग्रह असेल, तर म्युझियमच्या ऑफिसला फोन करा, शाळांसाठी त्यांच्याकडे बहुतेक वेळा तयार असते. घेतलीत तर ती दुसऱ्या दिवशी वर्गात द्या. आणि त्याच फोनवर विचारून घ्या की कमानीचं टेबल आहे का, असेल तर तिथे उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसाला सांगून ठेवा की कोणाचा पाय खाली असेल तर थांबायचं.