लग्नात उरलेल्या बाटल्या उन्हाळ्यात पिता येतील का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही नागपुरात बेसा रोडकडे राहतो, नळ आला आहे पण मे महिन्यात अजूनही टँकरचीच वाट पाहावी लागते. नोव्हेंबरात मुलीचं लग्न झालं, पाण्याचे बॉक्स जास्तच मागवले गेले आणि एक लिटरवाले 14 बॉक्स उरले, ते सगळे वर सज्ज्यावर टाकून दिले. आता मार्च लागला. बाटलीवर सहा महिन्यांची तारीख आहे म्हणजे मेमधे संपते. आमचे हे म्हणतात देऊन टाक कोणाला तरी, जाऊबाई म्हणतात पाणी कधी खराब होते का, आणि मला वाटते टंचाईसाठी राहू द्यावं. काय करू?

उत्तर: ताई, ठेवा, पण सज्ज्यावरून आजच खाली काढा, उद्यावर नका टाकू. तारखेची तुम्हाला जेवढी काळजी वाटून राहिली ना तेवढी मला त्या सज्ज्याची वाटते.

माझ्या आईकडे महाल भागात असंच झालं होतं. सज्ज्यावर गाद्या-रजया आणि त्यांच्या बाजूलाच बाटल्यांचा बॉक्स. मे महिन्यात पाहुणे आले म्हणून मी वर चढून एक बाटली काढली, सील एकदम शाबूत, पण बाटली मधातून आत गेलेली, आणि झाकण उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा वास. पहिल्यांदा वाटलं हाताला लागला असेल, पण नाही, पाण्यालाच होता, घोट घेतला तो थुंकावा लागला. तेव्हा नीट कळलं की हे पातळ प्लास्टिक काचेसारखं नसते, त्यातून वाफ हळूहळू बाहेर जाते आणि बाहेरचा वास आत येतो. म्हणून पेट्रोल, पेंट, फिनाइल, थिनर, रॉकेल, डांबरगोळ्या, उंदीर मारायचं औषध, यातलं काहीही पाण्याच्या खोलीत नको. बाजूला तर नकोच नको.

दुसरं म्हणजे उष्णता. एक लिटरच्या बाटल्या पेट प्लास्टिकच्या असतात, बुडाशी त्रिकोणात 1 लिहिलेलं दिसेल. हे प्लास्टिक बनवताना अँटिमनी नावाचं धातूसारखं मूलद्रव्य वापरतात, जे जास्त पोटात गेलं तर अपाय करते, आणि त्याचा बारीकसा अंश पाण्यात उतरतो. घरात गारव्याला ठेवलं तर तो इतका कमी असतो की घाबरायचं कारण नाही, पण तापमान वाढलं की वेग भयंकर वाढतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2008 मधे हे मोजलं, 60 अंशाला ठेवलेलं पाणी तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडायला 176 दिवस लागतात आणि 65 अंशाला फक्त 38. पाच अंशांत एवढा फरक! तुमच्या सज्ज्यावर 60 होणार नाही हे मलाही माहीत आहे, पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, बाहेर 45 च्या वर असते, वरचा स्लॅब दिवसभर तापून रात्रीही गरमच राहते, आणि घरातली सगळी गरम हवा वरच जाते. पाणी ठेवायला घरातली सगळ्यात वाईट जागा तीच.

मग ठेवायचं कुठं? खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न येणारी खोली, तिथं दिवाणाखाली किंवा जिन्याखाली. बाटल्या खोक्यातच राहू द्या म्हणजे उजेड लागत नाही. खाली लाकडी फळी टाका, कारण फरशीच्या ओलीनं पुठ्ठा गळतो आणि वरच्या बॉक्सच्या वजनानं खालच्या बाटल्या दबतात, आणि कूलरच्या अगदी समोर नका ठेवू, त्या दमट हवेत पुठ्ठा आठ दिवसांत लुळा पडते.

आता तारखेचं. त्या दिवशी पाणी विषारी होते असं काही नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) तर नीट बंद असलेल्या बाटलीबंद पाण्याला मुदतच ठरवलेली नाही, आपल्याकडे मात्र तारीख छापावी लागते आणि ती पाळलेली बरी, कारण दुकानात यायच्या आधी तो बॉक्स कोणत्या उन्हात किती दिवस उभा होता ते आपण पाहिलेलं नसते. आणि तुमचं तर बरंच आहे, टंचाई मेमधे आणि तारीखही मेमधेच, तेव्हाच वापरा. एका बॉक्समधे 12 धरल्या तर 14 बॉक्स म्हणजे 168 बाटल्या. आपत्तीसाठी माणशी रोज साधारण चार लिटर धरतात, पिणं, थोडं रांधणं आणि दात घासणं त्यात आलं, म्हणजे पाच माणसांना रोजचे 20 लिटर आणि तुमचा साठा आठ दिवसांचा. टँकर चुकला तर हे आठ दिवस फार मोठे असतात हो! उरलंच तर झाडांना, कूलरला घाला, आणि नवीन बॉक्स आणला की तो मागे, जुना पुढे. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर तारीख गेलेलं, वास आलेलं, सील ढिलं झालेलं पाणी अजिबात देऊ नका.

आणखी एक, बाटली उघडली की हा सगळा हिशोब संपला. या पाण्यावर ओझोनची प्रक्रिया केलेली असते आणि ओझोन लवकर उडून जातो, नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन उरते तसं यात काही उरत नाही, त्यामुळे तोंड लावलेली बाटली त्याच दिवशी संपवा.

प्रश्न: आम्ही नळाचंच पाणी 20 लिटरच्या कॅनमधे भरून ठेवतो. किती दिवस चालते? (इतवारी)

उत्तर: पेंच-कन्हान नद्यांचं शुद्ध करून नळाला आलेलं पाणी, स्वच्छ झाकणाच्या कॅनमधे असेल तर सहा महिन्यांनी बदला असं तज्ज्ञ सांगतात, पण आपल्या उन्हाळ्यात मी तरी महिन्याभरात बदलते. कॅन आधी साबणानं धुवा, मग क्लोरीनच्या पाण्यानं आतून खळखळवून वाळवा, आणि ग्लास आत बुडवायचा नाही, तोटी किंवा ओतणंच. रंगाचे, फिनाइलचे, तेलाचे रिकामे डबे कितीही घासले तरी नकोत. दुधाचे पण नकोत, त्याचा अंश निघत नाही. शंका आली तर पाणी खळखळ उकळू द्या, एक मिनिट पुरे. तुरटीनं गढूळपणा खाली बसते पण जंतू मरत नाहीत, हे घरोघरी चुकते म्हणून सांगते.

प्रश्न: 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं होतं, बाटल्यांचे बॉक्स बुडाले. सील होतं म्हणून आम्ही पुसून वापरले. बरोबर केलं का? (अंबाझरी ले-आउट)

उत्तर: नाही, आणि तुम्हाला काही झालं नाही याचं मला खरंच बरं वाटते. फिरकीचं झाकण पुराच्या पाण्याला अडवेल याचा भरवसा नसतो, आट्यांमधे गाळ आणि नाल्याचं पाणी बसते आणि उघडताना तेच आत जाते. असे बॉक्स फेकायचे. ज्यांचं घर नाग नदीच्या काठाला किंवा सखल भागात आहे त्यांनी पावसाळ्याआधी साठा खालून उचलून मधल्या उंचीवर आणावा, कपाटाच्या वरच्या खणात चालेल, सज्ज्यावर मात्र दिवाळीनंतरच.

प्रश्न: कारमधे राहिलेली बाटली प्यावी का? (वर्धा रोड)

उत्तर: एखाद्या दुपारची असेल आणि सील असेल तर प्या. पंधरा दिवसांपासून सीटखाली लोळत असेल तर नको, उन्हात उभ्या कारमधे 60 अंश सहज होतात. कारसाठी स्टीलची बाटली घ्या आणि रोज सकाळी घरून भरून न्या.