संभाजीनगरच्या जालना रोडवर इतके उड्डाणपूल असून जाम का होतो?

पूल गाडी उचलून पुढच्या सिग्नलवर नेऊन सोडतो, बस. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, चारही ठिकाणी पूल हायेत पण मधल्या आकाशवाणी चौकात पूल नाही, तिथं मोंढ्यावरून उतरलेली सगळी गर्दी तुंबते.

माझ्या मते अजून पूल नकोत, आधी पुलाच्या तोंडाशी उभ्या रिक्षा हलवा अन् डावं वळण मोकळं करा, कारण वरून उतरणारा डावीकडं घुसतो अन् खालून येणारा उजवीकडं, दोघं एकमेकांना आडवे आले की लाईन लागलीच म्हणून समजा, त्यात मधेच यू-टर्न मारणारे वेगळेच. जड ट्रक सोलापूर-धुळे बायपासवरून, नागपूरकडचे सावंगी नाहीतर माळीवाडा इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गाला लावले तर बरंच हलकं होईल, पण टोल कोण भरणार भाऊ!