डोमेन कुणाच्या नावावर?

प्रश्न : आमच्या छोट्या संस्थेची वर्डप्रेस वेबसाइट बनवणाऱ्यांनी काम सोडलंय. डोमेन (म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) त्यांच्याच नावावर आहे. दोन कार्यकर्त्यांना साइट चालवायला शिकवायचंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : शिकवणी थोडी थांबू द्या, आधी डोमेन. संबंध बरे आहेत तोवरच मागून घ्या. ज्या कंपनीकडे त्याची नोंदणी आहे, तिथेच संस्थेचं खातं उघडा आणि त्यात डोमेन वर्ग करायला सांगा. कंपनी बदलण्यापेक्षा हे बरंच सोपं. खात्याला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका. मुदत संपून डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, आणि नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळत नाही. ही चूक फार जण करतात.

मग बॅकअप. नुसत्या फाइली उतरवून भागत नाही. लेख आणि पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे फाइलींहून वेगळ्या माहितीसाठ्यात असतो. दोन्ही घ्या.

आता शिकवणी. दोघांनाही ‘एडिटर’ची भूमिका द्या. लेख, पानं, फोटो सगळं जमतं, पण प्लगइन (साइटला जोडायची जादा सॉफ्टवेअरं) काढता-घालता येत नाहीत, त्यामुळे साइट मोडायची भीती कमी. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चं खातं वेगळं ठेवा. पहिला धडा फोटोंचा घ्या : मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवला की पान रखडतं. रुंदी १२०० पिक्सेल करून २०० केबीच्या आसपास आणा. सराव खऱ्या पानावर नको, ‘ड्राफ्ट’वर, म्हणजे प्रसिद्ध न केलेल्या मसुद्यावर करा. आणि पायऱ्या शिकणाऱ्यांनीच लिहून काढाव्यात. शिकवणाऱ्याच्या टिपणात नेमकी अडणारी पायरी गाळलेली असते.