सहावी ते आठवीच्या शाळेला सीएसआरचे पैसे मिळाले, तर निकाल सुधारायला ते कशात घालावेत?

तुमची अडचण मला कळली ती अशी: बडोद्यातल्या तुमच्या ट्रस्टच्या शाळेला एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवायच्या पैशांतून, तीन वर्षं पैसे देणार आहे. ट्रस्टींना स्मार्ट बोर्ड आणि कॉम्प्युटर लॅब हवी आहे, मुख्याध्यापिकाबाईंना मुलांचे गुण वाढलेले हवे आहेत. मी याच शहरात सहावी-आठवीला गणित शिकवून निवृत्त झालो. माझं मत बाईंच्या बाजूचं आहे, आणि पैसे वस्तूंपेक्षा माणसांच्या वेळेवर घालावेत असं आहे.

कॉम्प्युटरचा अनुभव आपल्या शहराने घेतलेला आहे. २००० साली राज्य सरकारने इथल्या म्युनिसिपालिटीच्या शंभरेक शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने पाहणी केली, तर फारच थोड्या ठिकाणी प्राथमिकच्या मुलांचा हात त्यांना लागत होता. मग त्यांत गणिताचे खेळ घालून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका मशीनवर दोघं, असं बसवलं, आणि गुण खरोखर वाढले. म्हणजे यंत्र वाईट नव्हतं, त्याच्यासाठी तास आणि माणूस नेमलेला नव्हता. त्याच सुमारास 'बालसखी'ही चालू होती. वस्तीतलीच शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली वीसेक मुलं घेऊन रोज दोन तास बसायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचा परिणाम मोजला (२०१९च्या नोबेलमधले हेच दोघं, नोबेल झाल्यावर आपल्या गावाला अचानक आठवण झाली!). बालसखीचा खर्च एका मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, कॉम्प्युटरचा पंधरा. गणितात कॉम्प्युटरने जास्त उडी मारली, पण तेवढ्याच पैशात बालसखीने कितीतरी जास्त काम केलं. आणि दोन्ही कार्यक्रमांतून मुलं बाहेर पडल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला. हे शेवटचं वाक्य ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा.

तो अभ्यास लहान वर्गांचा होता हे खरं. पण सहावीत दुखणं तेच असतं, फक्त साठलेलं. दिल्लीत मिडल स्कूलच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली, आणि वरच्या वर्गांत हे अंतर वाढतच गेलं. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. अशा मुलासमोर तुम्ही समीकरणं मांडता. ते मूल फळ्यावरचं वहीत उतरवून घेतं, आपल्याला वाटतं पोर्शन झाला.

म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पहिलं काम, प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून एक उतारा वाचून घ्या, हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार करून घ्या. लेखी परीक्षा नको, त्यात शेजारच्याचं उत्तर येतं. उतारा शाळेच्या माध्यमातला घ्या. घरी मराठी आणि शाळेत गुजराती असलेली मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना मंद ठरवू नका. मग तिन्ही इयत्तांचा रोज एक तास एकाच वेळेला ठेवा आणि त्या तासाला इयत्ता विसरून मुलं त्यांच्या पातळीच्या गटात पाठवा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तपासा, गट बदला. सगळ्यांत खालच्या गटाला सगळ्यांत चांगला शिक्षक द्या. यावर स्टाफरूममध्ये भांडण होईल, होऊ द्या.

अनुदानातून दोन-तीन सहायक नेमा, आणि त्यांच्याकडून ऑफिसचं काम करून घ्यायचं नाही हे करारातच लिहा. नाहीतर दिवाळीपर्यंत ते सहायक अ‍ॅडमिशनचे फॉर्म आणि ऑनलाइन हजेरी भरताना दिसतील.

वह्या, दप्तरं, सराव-पुस्तिका वाटायचा मोह होतो, फोटोही छान येतो. आंध्र प्रदेशात शाळांना अशाच साहित्यासाठी अनुदानं देऊन पाहिलं होतं. पहिल्या वर्षी अनुदान अनपेक्षित होतं तेव्हा गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे ठाऊक असल्याने पालकांनी घरचा खर्च तेवढा कमी केला आणि फायदा दिसेनासा झाला. पालकांची यात काही चूक नाही, मीही तेच केलं असतं.

आता कागदपत्रं. ट्रस्टकडे प्राप्तिकर खात्याची १२ए, ८०जी आणि सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी आहे ना, हे आजच बघा. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये "लवकर खर्च दाखवा" असा फोन येतो आणि घाईत स्मार्ट बोर्ड घेतला जातो. हे टाळायचं तर कंपनीच्या बोर्डाकडून तुमचं काम 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' (एका वर्षात न संपणारं काम) म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम त्यांना वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या वर्षी वापरता येते. कोणी म्हणालं की सीएसआरमध्ये पगार पाच टक्क्यांच्या वर बसत नाहीत, तर सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, प्रकल्पात शिकवणाऱ्यांच्या पगाराला नाही.

ट्रस्टी अडूनच बसले तर एक प्रोजेक्टर घेऊन द्या. पण चौथ्या वर्षी सहायकांचा पगार फीमधून निघेल, माजी विद्यार्थ्यांकडून की ट्रस्टच्या भाड्याच्या उत्पन्नातून, हे त्याच मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून सही घ्या.